ताईचे तेहतीस

यंदाच्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या पिपरी मेघे इथल्या घरात दहावीचा निकाल लागला. माझी नात जुई पास झाली, पण गणितात तिच्या अंदाजापेक्षा बरेच कमी गुण पडले. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन मला म्हणाला, "आई, टाकायचा का फेरतपासणीला?" विचारणं आपलं नावाचंच होतं, कारण मी तोंड उघडायच्या आत त्याने अर्ज भरूनही टाकला, आणि त्याचा चहा अजून गरम होता. मी डोळे पुसत उठून गॅलरीत गेले. सुनेला वाटलं, सासूबाईंना नातीच्या गुणांचं वाईट वाटलं. मी तसं वाटू दिलं. साठी उलटल्यावर रडण्याचं खरं कारण सांगायची सक्ती राहत नाही, म्हातारपणाचा तेवढा तरी फायदा आहे. अर्ज करावा की करू नये, हा प्रश्न माझ्या लहानपणी आमच्या घरात आला होता, तेव्हा तो माझ्या मोठ्या बहिणीचा, रत्नाताईचा होता, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्या बाबांनी "नाही" एवढा शब्दही खर्च केला नव्हता. ताई आता नाही. ती होती तोवर मी हे कुणापाशी बोलले नाही, लिहिणं तर दूरच.

आमचं तेव्हाचं घर नाचणगावात, आणि घरामागे भाजीपाल्याची वाडी. वाडी मोठी नव्हती, पण बारमाही विहीर होती आणि तिच्यावर एक तेलाचं इंजिन. ते सुरू झालं की भांडी हलायची, आणि बंद पडलं की बाबांचं तोंड सुरू व्हायचं. पलीकडून पुलगावच्या मिलचा भोंगा ऐकू यायचा. घड्याळ नव्हतंच, भोंग्यावर माय चूल पेटवायची आणि भोंग्यावरच आम्हाला शाळेत हाकलायची. वांगी, मिरची, पालक, भेदरं म्हणजे टोमॅटो, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, एवढं आमचं जग. (नोकरीत असताना पुण्याकडच्या एका सोबतिणीला मी बाजारातून सांबार आणायला सांगितला, तर ती बिचारी हॉटेलात डबा घेऊन गेली होती.) सकाळी भाकर आणि ठेचा, दुपारी वांग्याची भाजी, संध्याकाळी उरलेल्या वांग्याचं भरीत. वांग्यावर आमच्या घराने जेवढं प्रेम केलं तेवढं माणसांवर केलं असतं तर बरं झालं असतं, असं माय चिडली की म्हणायची. उन्हाळ्यात मात्र आंब्याचा रस आणि सरगुंडे. सरगुंडे म्हणजे कणकेच्या पिळाच्या शेवया. काडीवर वळायच्या आणि खाटेवर वाळत घालायच्या. वळायचं काम ताईचं आणि कावळे हाकलायचं माझं. ताईचे हात माझ्यापेक्षा सात पटीने भराभर चालायचे, आणि तोंडाने ती मला पाढे म्हणायला लावायची. मी चुकले की कच्चं सरगुंडं माझ्या नाकावर.

बाबा बाजाराच्या दिवशी बैलबंडीत टोपली भरून पुलगावला जात, आणि शाळेला सुट्टी असली की आम्ही दोघी बरोबर. या बाजारात एक रिवाज होता. तो बाबांचा एकट्याचा नव्हता, ओळीने बसणाऱ्या सगळ्याच भाजीवाल्यांचा होता. माल तोलला, गिऱ्हाइकाच्या थैलीत ओतला, की वरून एक मूठ टाकायची. या मुठीचा भाव नसे, तिच्यासाठी कोणी आभारही मानत नसे, पण मूठ पडेपर्यंत बाई थैलीचं तोंड मिटत नसे. मात्र एखादीने "कमी वाटते, परत तोला" म्हटलं की सगळं बदललं. बाबा हसतच थैली पारड्यात रिकामी करत, त्यातून पहिले वरची मूठ काढून आपल्या टोपल्यात टाकत आणि मग काट्याला काटा लावून तोलत. वजन तंतोतंत भरे. "बरोबर हाय ना बाई? न्या." बाई खरी ठरायला जायची आणि मूठ गमावून घरी जायची. "ज्याले वरची मूठ पाह्यजे, त्यानं परत तोला म्हणू नाई," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी नुसतं भाजीपुरतं ठेवलं नव्हतं. तलाठ्याने लिहिलेलं, डॉक्टरने सांगितलेलं, पाहुण्याने ठरवलेलं, काहीच त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मिळालं त्यात वरची मूठ असेलच, विचारलं तर ती जाईल, अशी त्यांची पक्की समजूत होती. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मीही कितीतरी वर्षं म्हणत होते. पण ज्याला जन्मभर जे थोडं जास्त मिळालं ते दुसऱ्याच्या मर्जीनेच मिळालं, तो माणूस मर्जीला जपणारच.

बाजारात हिशेब ताईकडे. गिऱ्हाईक वांगी, मिरची, पालक, सांबार असं घेत जायचं, आणि शेवटचा जिन्नस थैलीत पडतो न पडतो तोच ताईच्या तोंडून रक्कम बाहेर. कागद नाही, बोटं नाहीत. मिलमधले कामगार सुटीच्या दिवशी मुद्दाम वाकडेतिकडे भाव विचारून तिची परीक्षा घ्यायचे, आणि ती त्यांच्याकडे न बघता सांबाराच्या जुड्या बांधता बांधता उत्तर द्यायची. बाबा कौतुक तोंडाने करत नसत, पण अशा वेळी त्या कामगाराच्या थैलीत दोन मुठी पडत. तिला नर्स व्हायचं होतं. माय एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात बरेच दिवस होती, तेव्हा ताई तिच्याजवळ राहिली होती. तिथल्या सिस्टर ताप बघून तक्त्यावर ठिपके देतात आणि ते ठिपके जोडून माणूस सुधारतोय की बिघडतोय ते कळतं, याचं तिला भारी वेड लागलं. घरी आल्यावर तिने माझा, मायचा आणि गोऱ्ह्याचासुद्धा तक्ता बनवला. दहावी पास झालीस की नर्सिंगला घालू, हे बाबांनीच कबूल केलं होतं. त्या काळी तेवढं शिक्षण पुरत असे. नापास झालीस तर काय, हे कोणी बोललंच नव्हतं, कारण ताईच्या बाबतीत तो प्रश्न कोणाच्या मनातच नव्हता.

निकालाच्या दिवशी ताई शाळेतून गुणपत्रिका घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. बाकी सगळे विषय निघाले होते. इंग्रजीत बरोबर पस्तीस. गणितात तेहतीस, आणि त्याच्याखाली रेघ. मायने विचारलं, "काय झालं वं?" ताई म्हणाली, "माय, काहीतरी चुकलं." ती रडत नव्हती. हिशेब जुळत नाही अशा चेहऱ्याने ती त्या आकड्याकडे बघत होती. त्याच संध्याकाळी तिचे गणिताचे सर सायकल मारत नाचणगावला आले. आमच्या घरी मास्तर येणं ही मोठी गोष्ट होती. बाबांनी स्वतः खाट टाकली, मायने साखर जास्त घालून चहा केला. सर म्हणाले, "भाऊ, ही मुलगी गणितात नापास होणारी नाही. पेपर सुटला त्या दिवशी मी तिच्याकडून एकेक गणित तोंडी काढून घेतलं आहे. माझ्या हिशेबाने सत्तरच्या वर जाते. जोडलेल्या पुरवणीचे गुण बेरजेत धरायचे राहून जातात कधीकधी. पडताळणीचा अर्ज करा. मुदतीच्या आत शाळेत या, बाकीचं मी पाहतो."

बाबांनी बराच वेळ खाटेच्या सुंभाशी चाळा केला. मग विचारलं, "सर, एकच पेपर पाह्यतील का सर्वेच?"

"ज्याचा अर्ज त्याचाच."

"अन् ज्या मास्तरनं तपासला, त्याले राग नाई येईन?"

सर हसले. हसायला नको होतं. ते चांगल्या मनाने हसले, पण बाबा त्या हसण्याने गप्प झाले ते झालेच. जाताना त्यांनी सरांच्या सायकलला वांग्यांची थैली बांधून दिली. "पाहू," एवढंच म्हणाले. सरांनी त्याचा अर्थ "येतो" असा घेतला, आणि आम्हीही तसाच घेतला.

भाकरी टाकता टाकता मायने विषय काढला. "उद्याच जाऊन या ना. काऊन थांबून राह्यले?"

"सर नोकरीवाले मानूस. त्यायले बाजार नाई माहीत."

"हा काय बाजार हाय?"

"जिथं एक तोलते अन् दुसरा थैली धरते, तो बाजारच असते." बाबांनी गुणपत्रिका मागून घेतली. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण आकडे येत होते. इंग्रजीच्या पस्तिसावर त्यांनी बोट ठेवलं. "हे पाह्य. एक वर नाई, एक खाली नाई. बरोबर पासापुरते. हे मास्तरनं वरून टाकले. परत काट्यावर चढवा म्हटलं तर पहिले हेच काढून घेतील. आज पोट्टी एका विषयात गेली, उद्या दोहोत जाईन."

"पण सर म्हणून राह्यले का एकच पेपर..."

"म्हणतेत. गिऱ्हाइकालेबी वाटते का फक्त वजनच पाह्यतील."

ताई चुलीपाशी मायला भाकरी थापून देत होती. थापायचा आवाज थांबला. "बाबा," ती म्हणाली, "मले वाटते मी पास हाय." बाबा काही रागावले नाहीत. फार मायेने म्हणाले, "वाटते तर सर्वायलेच, बाई." ते माझ्या कानातून अजून जात नाही. त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर ताई भांडली असती. मायेने सांगितलेलं माणूस खरं धरतो.

त्यानंतर रोज कोणीतरी "आज जाता का" म्हणायचं आणि रोज काहीतरी काम निघायचं. इंजिन बिघडलं, मिरचीवर कीड पडली, बैल लंगडला. मुदतीचा शेवटचा दिवस नेमका बाजाराचा आला, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता तर पुलगावला जायचंच आहे. ताईने सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, शाळेचा निळा-पांढरा पोशाख घातला, दोन वेण्या घट्ट बांधल्या आणि गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीत माझ्या शेजारी बसली. मायने दही-साखर तिच्या हातावर ठेवली. बाबांनी हे सगळं पाहिलं आणि बंडी हाकली. वाटेत ताई मला म्हणाली, पास झाल्याचं कळलं की पहिला ताप तुझाच बघीन. मी म्हटलं, मला ताप नाहीच. ती म्हणाली, मी आणीन.

पुलगावात शिरल्यावर एक फाटा लागतो. एक रस्ता शाळेकडे जातो, दुसरा बाजाराकडे. बैलांना बाजाराच्या रस्त्याची सवय. बाबांनी कासरा ओढला असता तर ते शाळेकडे वळले असते. त्यांनी ओढला नाही. कासरा त्यांच्या हातात तसाच ढिला राहिला आणि बैल आपल्या पायांनी बाजाराकडे चालू लागले. मी म्हटलं, "बाबा, शाळा..." ताईने माझा हात दाबला. बाबांची पाठ आमच्याकडे होती, ती वळली नाही. कोणी "नाही" म्हणालं नाही, कोणी कोणाला समजावलं नाही. एका पोरीचं सगळं आयुष्य त्या फाट्यावर निघून गेलं, आणि आवाज झाला तो फक्त बंडीच्या चाकांचा.

मग आम्ही बाजारात बसलो. ताई शाळेच्या पोशाखात, मांडीवर पिशवी घेऊन, तराजूच्या शेजारी. पहिलं गिऱ्हाईक नेहमीचं होतं, मिलमधला एक हसतमुख माणूस. त्याने चार भाज्या घेतल्या आणि थैली मिटत विचारलं, "बोला मास्तरीणबाई, किती झाले?" ताईने तोंड उघडलं. तिचे ओठ हलले. मग थांबले, परत हलले. मी तिच्या बोटांकडे पाहिलं, ती मांडीवर मोजत होती. "वंदे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांग." मला कुठून येणार? तो माणूस गोंधळला, बाबांनीच कसाबसा हिशेब केला. दिवसभर असंच चाललं. दुपारनंतर सर शोधत आले. शाळेत वाट बघून बघून आले असावेत. त्यांनी तिचा पोशाख पाहिला, पिशवी पाहिली, बाबांकडे पाहिलं. बाबांनी घाईने त्यांच्यासाठी वांगी निवडायला घेतली. सर काही न घेता परत गेले. निवडलेली वांगी बाबांच्या हातातच राहिली.

ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बस, असं सरांनी तिला निरोपावर निरोप पाठवून सांगितलं. मायने जीव तोडून सांगितलं. बाबासुद्धा म्हणाले, "बस ना बाई, त्याले कोण नाई म्हणते?" ताई म्हणाली, "नाई जी, मले गणित येतच नाई." आणि ते खरं होऊन बसलं होतं. माझी रत्नाताई, जी कावळे हाकलताना माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची, ती आता पाव किलोचे किती आणि अर्ध्या किलोचे किती यात अडखळायची. नापास झाल्याचं दुःख एक वेळ मी समजू शकते. पण दोन आकड्यांनी तिचं डोकंच तिच्यापासून काढून घेतलं, ते मला आजही सोसत नाही. लिहितानासुद्धा मला दोनदा उठावं लागलं.

दिवाळीनंतर आर्वीकडच्या एका गावातलं स्थळ आलं. किराण्याचं दुकान, चार माणसं, कोणाची वाकडी नजर नाही. पाहायला आले तेव्हा त्यांनी "किती शिकली?" विचारलं आणि ताईनेच उत्तर दिलं, "दहावी नापास." नाव सांगावं तसं तिने ते सांगितलं. भाऊजी भला माणूस होता. त्यांनी तिला कधी हात लावला नाही की टोमणा मारला नाही. उलट पहिल्याच महिन्यात तिला गल्ल्यावर बसायला सांगितलं. ती बसली नाही. लग्नानंतर आमच्या घरात इंजिनाचा आवाज होता, भोंगा होता, भाकरी थापायचाही होता, पण माय बाबांशी फक्त कामापुरतं बोलू लागली. कधीमधी बाजाराला जायची, तेही तिने सोडलंच.

दोन-तीन वर्षांनी मी दहावीला बसले. मी ताईच्या पासंगालाही पुरणारी नव्हते, हे मी विनयाने लिहीत नाही. तरी पास होईन एवढा भरवसा होता. निकाल लागला आणि विज्ञानात एकतीस. मी दारातच उभी राहिले, आणि मला पुढचं सगळं आधीच दिसलं. संध्याकाळी जेवायला कोणी बसलं नाही. मायने ताट बाबांपुढे ठेवलं आणि किती दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली. "एका लेकीले बाजारात नेलं. हिले कुठं नेता?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंडी जुंपलीच नाही. धुतलेलं धोतर नेसले आणि मला म्हणाले, "चाल." आम्ही पुलगावपर्यंत पायी गेलो. शाळेत सर होते, केस पांढरे होऊ लागलेले. बाबांनी त्यांना नमस्कार केला तो खाली मान घालूनच. अर्जावर त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली, तोवर सरांनी कागद धरून ठेवला. तेवढ्यातही बाबांनी विचारलं नाही, की बाकीचे गुण कमी होतील का. त्यांना भीती नव्हती असं नाही. मला ती त्यांच्या मानेवरच्या घामात दिसत होती.

उत्तर यायला पावसाळा निम्मा सरला. ते घेऊन सरच आले. ते आले तेव्हा माय अंगणात होती, बाबा नुकतेच वाडीतून येऊन हात धूत होते. सर सायकलवरून उतरले, खाटेवर बसले नाहीत. "वंदा पास आहे," ते म्हणाले. "छप्पन झाले." मायने दोन्ही हात तोंडावर नेले. ती आत पळाली, शिऱ्यासाठी रवा काढल्याचा आवाज आला. बाबा तसेच ओल्या हाताने उभे होते.

"सर, चुकलं काय होतं?"

सरांना ते सांगायचं नव्हतं, हे मला आज कळतं. ते सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाले, "पुरवणी. पुरवणीचे गुण बेरजेत धरले नव्हते."

"तुमी तवाबी पुरवणीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं, भाऊ."

"तवाचे पेपर असतील का आता कुठं?"

"नाही हो. ते ठेवत नाहीत."

आत रवा भाजायचा आवाज थांबला. बाबा पाणी ठिबकणारे हात घेऊन वाडीकडे चालू लागले, आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसले. सर गेले. माय चुलीपुढे बसून होती, कढईतला रवा काळा पडला तरी तिने उतरवला नाही. मी पास झाले होते. त्या दिवशी माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि मलाही कोणी पाहू नये असंच वाटत होतं. ताईच्या पेपरात काय होतं हे आता देवालाही कळणार नव्हतं. पण माझा पेपर सुधारला, तेवढ्याने तिचा तपासण्यात चुकला होता हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं. आनंदाची बातमी एखाद्या घराला इतकी लागलेली मी नंतर दवाखान्याच्या नोकरीतही कधी पाहिली नाही.

आमच्याकडे पास झाल्याचे पेढे पहिले दिल्या घरी, लेकीकडे जातात. मायने बाबांना सांगितलं, "पेढे पाठवू नका. गाडीवर कोणापाशी निरोप द्या." बाबा म्हणाले, "मीच जातो. मले तिले सांगाचं हाय." मायने मला त्यांच्याबरोबर धाडलं. पुलगावहून आर्वीला तेव्हा छोटी गाडी जायची, इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडून परत चढत. बाबांच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा, पायाशी भाजीची थैली. ते काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते. ओठ हलायचे, थांबायचे.

आम्ही पोचलो तेव्हा ताई दुकानात उभी होती, कडेवर पोर. भाऊजी माल आणायला गेलेले. ती आम्हाला बघून धावणार तेवढ्यात एक बाई आली. तिने साखर, चहापत्ती आणि साबण घेतला. ताईने सगळं नीट बांधून दिलं. बाईने विचारलं, "किती झाले?" ताई म्हणाली, "ठेवून जा ना मावशी, हिशेब हे आल्यावर करतील." बाबा पायरीवर उभे राहून ते ऐकत होते.

मग आम्ही आत गेलो. ताईने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. "वंदी पास! मले माहीतच होतं!" तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला. पाटवड्यांचा रस्सा केला, आम्हाला जेवायला वाढलं, सारखी नर्सिंगबद्दल विचारत राहिली. फॉर्म कधी, राहायचं कुठं, पांढरी साडी तिथूनच देतात का. तिच्या डोळ्यांत खरंखुरं सुख होतं. बाबांनी घास हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. "रत्ना," ते म्हणाले, "वंदीची पुरवणी मोजाची राह्यली होती. सरनं तुह्यंबी तेच सांगितलं होतं. बाई, तू पासच होती. म्या तुले..."

"नाई बाबा," ताई म्हणाली. भाकर तिच्या हातात होती. "वंदीचं चुकलं असन. माह्यं बरोबर होतं."

"तसं नाई वं. सर म्हणत..."

"सरले म्हणू द्या." तिने भाकर खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाबा, मी नापास झाली म्हणून इथं आली. हे मी मनाले समजावलं. रोज समजावलं. एसटीत एखादी नर्स दिसली तर मी म्हणते, रत्ने, तुले गणित आलं नाई, तुह्यं डोकं तितलंच होतं. तवा कुठं जीव थंड होते. आता तुमी म्हणता का ते खोटं होतं. मंग मी काय म्हणू सोताले? कोणाले बोल लावू? तुमाले लावू?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. त्यांना ते पुसायचंही सुचलं नाही.

"तुमच्या पाया पडते बाबा, परत नका सांगू. मले नापासच राहू द्या."

एवढं बोलून तिने पदराने नाक पुसलं, भाकरीचा चतकोर तोडून बाबांच्या ताटात वाढला आणि म्हणाली, "जेवा. थंड होऊन राह्यलं." बाबा जेवले. ताटातलं सगळं संपवलं. निघताना ताई दुकानाच्या पायरीपर्यंत आली, आणि मला म्हणाली, चांगली शीक.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. पाऊस आत येत होता, त्यांनी खिडकी लावली नाही. मी पुढे सेवाग्रामला शिकले, तिथेच नोकरी केली, हजारो तक्ते भरले. बाबा नंतर पुष्कळ जगले, पण ताईच्या दुकानी परत कधी गेले नाहीत, भाजी मात्र दर बाजाराला पाठवत राहिले. त्या दिवशी पुलगावच्या स्टेशनात उतरल्यावर रिकामी थैली झटकून त्यांनी नीट घडी केली.

"मायनं विचारलं तर सांगजो," ते म्हणाले, "ताईले लय आनंद झाला."

मायने दारातच विचारलं. मी तसंच सांगितलं.